बाण नसलेली रेघ

सोमवारी सकाळी मास्तरांनी खुर्ची न वळवताच सांगितलं, "अहो, तुमच्या त्या सडाफटिंगांपैकी एकाचं जमलं बरं का!" मी चहाचा कप तोंडाशी नेला होता, तो तसाच धरून ठेवला. मास्तरांची ही जुनी थट्टा. पूर्वी ते शाळेत गणित शिकवायचे, निवृत्तीनंतर आमच्याकडे आकडे तपासायला आले, आणि पडद्यावर ज्या ठिपक्यांना कुठलीच रेघ जोडलेली नाही त्यांना त्यांनी पहिल्याच आठवड्यात हे नाव देऊन टाकलं. आमच्या खोलीत आम्ही दोघंच. खालच्या मजल्यावर प्रयोगशाळा आहे. तिथे एचआयव्ही झालेल्या माणसांच्या रक्तातल्या विषाणूची अक्षरं वाचतात आणि ती वर आमच्याकडे पाठवतात. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना फार गबाळेपणा करतो, दर खेपेला कुठेतरी एखादं अक्षर चुकवतो, त्यामुळे प्रत्येकाच्या अंगातला विषाणू हळूहळू वेगळा होत जातो. दोघांच्या विषाणूंत शंभर अक्षरांमागे दीडपेक्षा कमी फरक असला, तर लागण ज्या साखळीनं पसरली त्या साखळीत ही दोघं जवळची, असं आम्ही धरतो आणि दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढतो. जिथे रेघा दाट, तिथे लागण आत्ता पसरते आहे. या रेघांची यादी दर सोमवारी संध्याकाळी सिस्टरांकडे जाते. सिस्टर त्या माणसांना गाठतात, समजावतात, त्यांच्या माणसांना तपासणीला आणतात. नावं आमच्यापर्यंत येत नाहीत. आमच्याकडे फक्त क्रमांक, वय, स्त्री की पुरुष, अपत्यं, संरक्षक पेशींचा आकडा, कुठलं केंद्र आणि तारीख. नावांचं कपाट सिस्टरांच्या खोलीत आणि त्याची किल्ली त्यांच्या पर्समध्ये. "कुठला ठिपका?" मी विचारलं. "चारशे बारा," मास्तर म्हणाले. "नऊ वर्षं बिचारा कोपऱ्यात बसून होता. मिळालं एकदाचं कोणीतरी."

चारशे बारा म्हणजे मी. हे मास्तरांना माहीत नव्हतं, इथे कोणालाच माहीत नव्हतं, रेघ नसलेल्यांची नावं सिस्टर कपाटातून काढत नाहीत. नोकरीला लागलो त्या दिवशी, सगळे जेवायला गेलेले असताना, मी तारखेवरून आणि केंद्रावरून स्वतःला शोधून काढलं होतं. वय तीस, पुरुष, रेघ नाही. त्यानंतर रोज सकाळी पडदा उघडला की आधी त्या कोपऱ्यात नजर टाकायची, बाहेर पडताना गॅस बंद केला ना ते बघतात तशी. एकटा असायचा. मला त्याचं एकटेपण आवडायचं. त्यातून मी स्वतःपुरता एक अर्थ काढला होता, की हे कुठूनतरी माझ्यापर्यंत आलं आणि माझ्यापाशी थांबलं. गोळ्यांनी विषाणू इतका दबलेला आहे की तपासणीत सापडत नाही, आणि सापडत नाही तोवर माझ्यापासून बायकोला धोका नाही. तिची तपासणी दर वर्षी होते, स्वच्छ येते. पोरगा झाला, त्यालाही काही नाही. सकाळी पोराच्या डब्याची झाकणं लावता लावता बायको विचारते, "गोळी घेतलीस?" मी म्हणतो, "घेतली गं आई." इतकं साधं झालं होतं ते आमच्या घरात. आणि आता त्या ठिपक्यापासून एक बारीक करडी रेघ निघून वर उजवीकडे गेली होती. मी सरकत सरकत तिच्या टोकाला गेलो. सोळाशे तीस. स्त्री. वय अडतीस. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तपासणी. संरक्षक पेशी एकेचाळीस, म्हणजे धडधाकट माणसात जिथे सातआठशे असायच्या तिथे एकेचाळीस. म्हणजे वर्षानुवर्षं आत पोखरत गेलेलं. अपत्य एक, मुलगी, वय सहा, तपासणी बाकी. फरक, एक पूर्णांक चार.

अडतीस. माझ्याहून एक वर्षानं लहान. तेवढ्यावरून काय ठरतं, अडतीस वर्षांच्या बायका हजारो असतात, असं मी मनाशी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या नाकात क्लोरीनचा वास शिरला. खाली प्रयोगशाळेत ओटे पुसण्याचं पाणी वापरतात, त्याचाच असणार तो. पण मला तो वास तिच्या केसांचाच वाटतो, अजूनही. ती पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची. तिचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, तिला मुळीच न शोभणारं. मी तिला भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी कधी टिकायची नाही. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती, खाली छापखाना. ती दोन दोन पायऱ्या ओलांडत वर यायची आणि दार उघडायच्या आत बोलायला सुरुवात झालेली असायची. केस ओले. उशीवर रोज ओला डाग. "अगं, पुसत तरी जा," मी वैतागायचो. "पुसले की वाळतात," ती म्हणायची, "आणि वाळले की भुतासारखे उभे राहतात. तूच पळून जाशील." दोन वर्षं. त्या दोन वर्षांत आम्ही कसलीच काळजी घेतली नाही, म्हणजे दिवस जाऊ नयेत एवढीच घेतली. ती गोळ्या घ्यायची आणि आम्ही स्वतःला फार शहाणे समजायचो. मग तिला दुसऱ्या गावी मोठ्या तलावावर नोकरी लागली. मी जाऊ नकोस म्हटलं नाही, तिनं चल म्हटलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणाच्या निमित्तानं एखादं पत्र तरी गेलं असतं. पुढे दोन वर्षांनी लग्नाची पत्रिका आली. पत्रिकेवर तिच्या अक्षरात एक ओळ होती, 'ये, आणि जेवून जा, लाजू नकोस.' मी गेलो नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ताप हटेना म्हणून केलेल्या तपासण्यांमध्ये, माझं कळलं.

त्या केंद्रातले समुपदेशक वयस्कर होते, आणि त्यांना भयंकर सर्दी झाली होती. दर वाक्यानंतर ते रुमाल नाकाला लावायचे आणि "माफ करा हं," म्हणायचे, जणू त्या खोलीत माफी मागण्यासारखं तेवढंच काय ते घडत होतं. गोळ्या, त्यांच्या वेळा, घाबरू नका, पुष्कळ वर्षं जगाल, लग्नसुद्धा करता येईल, हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एक फॉर्म पुढे घेतला. आजवर ज्यांच्याशी संबंध आला त्यांची नावं. "तुमचं नाव त्यांना कळणार नाही. आम्ही फक्त त्यांना तपासून घ्यायला सांगतो. वेळेत कळलं तर वाचतात माणसं." मी म्हणालो, "कोणी नाही." त्यांनी वर बघितलं. "कोणीच नाही? मग हे काय आकाशातून पडलं?" चेष्टा करत नव्हते, त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडं हसूच होतं. मला वाटतं, अजून एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण त्यांना शिंक आली, "माफ करा हं," म्हणाले, आणि रकान्यात आडवी रेघ मारून मोकळे झाले. बाहेर येताना मी स्वतःला समजावलं, की तिचं नुकतंच लग्न झालंय, तिच्या दारात असा कागद गेला तर संसार मोडेल. मी तिचं भलंच केलं. माझ्या भित्रेपणाला मी त्या दिवशी इतकं चांगलं नाव दिलं, की नंतर मलाही ते खरंच वाटू लागलं. बायकोला लग्नाआधी सगळं सांगितलं तेव्हा तिनं दुसराच प्रश्न विचारला होता, "त्या तलाववालीला कळवलंस ना?" मी म्हणालो, "हो, तेव्हाच." एवढंच एक खोटं आहे आमच्या संसारात. बाकी मी तिच्यापासून काही म्हणजे काही लपवलेलं नाही.

सोमवारी संध्याकाळी यादी गेली नाही. "प्रिंटर कागद खातोय," मी मास्तरांना सांगितलं, आणि मास्तर गेल्यावर दार लावून पुन्हा बसलो. मला एकच गोष्ट हवी होती, बाण. केंद्रांवरच्या नव्या माणसांना मी दर सहा महिन्यांनी शिकवतो, की बाबांनो, या रेघेला बाण नसतो. अ आणि ब जोडलेले आहेत म्हणजे अ नं ब ला दिलं असं नाही, ब नं अ ला दिलं असंही नाही. दोघांनाही कोणा क कडून मिळालेलं असू शकतं, आणि तो क आपल्याकडे कधी आलेलाच नसेल. ज्यानं हा बाण काढला त्यानं कोणाचंतरी घर जाळलं समजा. असं मी सांगतो, लोक मान डोलावतात, लिहून घेतात. आणि आता मीच दार लावून बाण शोधत होतो. लागण जुनी होत जाते तशी एकाच माणसाच्या अंगात विषाणूची सरमिसळ वाढते. काही जागी एकाऐवजी दोन दोन अक्षरं दिसतात. मी माझ्या त्या जुन्या नमुन्यातल्या अशा जागा मोजल्या. कमी होत्या. पुन्हा मोजल्या. कमीच. म्हणजे तेव्हा माझी लागण फार जुनी नसावी, म्हणजे वसतिगृहाच्या काळात एका मूर्ख सुट्टीत एकीशी आलेला संबंध यातून सुटला, म्हणजे तिच्याकडूनच. माझ्याआधी तिचा एक मित्र होता, तिनंच सांगितलं होतं. मंगळवारी सकाळी बसच्या खिडकीशी उभा असताना मला चक्क हलकं वाटत होतं. मी नाही दिलं. तिनं दिलं. मी शीळसुद्धा घातली असेन, कारण शेजारच्या बाईनं वळून बघितलं. मग आठवलं, की तिचा नमुना माझ्यानंतर नऊ वर्षांनी घेतलेला, तो कसा ताडून बघणार? आणि माझी मोजणी तरी काय, दोनचार जागा इकडच्या तिकडे झाल्या की उत्तर उलटं. शिकवताना मी स्वतःच म्हणतो की एकट्या माणसाबाबत यावरून काही ठरत नाही. मी दिलं. तिनं दिलं. मी दिलं. बसच्या दांड्याला धरून मी हेच म्हणत होतो, आणि एक थांबा पुढे गेलो.

दुपारी मास्तर जेवायला खाली गेल्यावर मी दीडाच्या जागी एक टाकला. बस्स, एवढंच. शंभरात दीडऐवजी शंभरात एक. कितीतरी ठिकाणी एकच धरतात, विचारलं असतं तर मी त्याचं समर्थन देऊ शकलो असतो, दोन परिच्छेद, तळटिपांसकट. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि ठिपके पुन्हा उमटले. चारशे बारा कोपऱ्यात, एकटा. सोळाशे तीस वर उजवीकडे, तीही एकटी. मी रडायच्या बेतात आलो, इतकं बरं वाटलं. मग बाकीचं दिसलं. एकूण चौतीस रेघा गेल्या होत्या. बस डेपोजवळच्या वस्तीतलं अकरा जणांचं जाळं, ज्याच्यासाठी सिस्टर तीन आठवडे उन्हात पायपीट करत होत्या, त्याचे चार तुकडे होऊन पडले होते, आणि त्यातले तिघं यादीतून साफ गळले होते. त्या तिघांच्या बायका असतील, त्यांना कोणी विचारायला जाणार नव्हतं. मास्तर हात पुसत आले. "हे काय, डेपोवाल्यांचं एकत्र कुटुंब फुटलं? सकाळपर्यंत तर गुण्यागोविंदानं नांदत होतं." "एक धरला तर काय दिसतं ते बघत होतो." "काय दिसतं?" "कमी दिसतं." "मग बरोबर आहे," मास्तर म्हणाले, "मला वाटलं माझा चष्म्याचा नंबर वाढला." मी परत दीड केला. रेघ परत आली. यादी मात्र मी मंगळवारीही पाठवली नाही, बुधवारीही नाही.

बुधवारी मी तीनदा सिस्टरांच्या दारापर्यंत गेलो. व्हरांड्याच्या टोकाला त्यांची खोली, दार अर्धं उघडं. पहिल्यांदा आत कोणीतरी बाई बसलेली होती. दुसऱ्यांदा मी पिना मागितल्या. तिसऱ्यांदा पिनांची डबी परत केली. "तुम्हाला बरं नाही का, सर?" सिस्टरांनी विचारलं. "ऊन," मी म्हणालो. घरी बायको म्हणाली, "दोन दिवस झाले, तुझं लक्ष कुठेय? मी काय बोलले सांग बघू." पोरगा मांडीवर येऊन बसला, माझ्या घड्याळाचा पट्टा काढायचा लावायचा खेळ करायला लागला. त्याचे केस नुकतेच धुतलेले होते, ओले. पाच वर्षांचा. ती सहा वर्षांची. तेव्हा कुठे, इतक्या उशिरा, माझ्या डोक्यात उजेड पडला. बाण कुठल्याही बाजूला असो, मला त्याचं काय करायचं होतं? समजा तिनंच दिलं. समजा मला तिच्याकडूनच आलं. तरी त्या सर्दीवाल्या माणसासमोर मी नाव सांगितलं असतं, तर त्याच महिन्यात तिला कळलं असतं. तिनं गोळ्या घेतल्या असत्या, माझ्यासारख्याच, सकाळी, कोणीतरी आठवण केल्यावर. मुलगी व्हायला तेव्हा तीन वर्षं अवकाश होता. पोटातल्या बाळाला यातून वाचवता येतं. हे आमच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, जाता येता मी ते रोज वाचतो. तीन दिवस मी कुठला गुन्हा माझा नाही हे शोधण्यात घालवले, आणि जो माझा होता तो त्या पडद्यावर दिसतच नव्हता. मी पोराला घट्ट धरलं. "बाबा, लागतंय," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी ठरवूनच गेलो होतो. निदान यादी तरी पाठवायची, पुढचं पुढे. छापलेले कागद हातात घेऊन उठतो तोच सिस्टर स्वतःच दारात. "मास्तर, जरा चहा घेऊन येता का?" त्या म्हणाल्या. "आत्ताच घेतला की." "मग अजून एक घ्या." मास्तरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि ते गेले. सिस्टरांनी दार लोटलं. मी यादी पुढे केली. "उशीर झाला, प्रिंटर..." "यादीसाठी नाही आले, सर." त्या मास्तरांच्या खुर्चीवर बसल्या, पर्समधून एक गुलाबी कागद काढला, त्याची घडी उलगडली आणि मान खाली घालून वाचायला लागल्या. "तुमचा पूर्वी ज्यांच्याशी संबंध आला, अशा एका व्यक्तीला एचआयव्हीची लागण असल्याचं आढळलं आहे. त्या व्यक्तीचं नाव आम्ही सांगू शकत नाही. घाबरून जाऊ नका. कृपया आपली तपासणी करून घ्या." हे वाक्य दोन वर्षांपूर्वी मीच लिहून दिलं होतं. आणि मी एक साधी गोष्ट विसरलो होतो. सकाळ संध्याकाळ ठिपके बघून मला वाटायला लागलं होतं की माणसांची नाती माझ्या पडद्यावरच राहतात, मी रेघ दाबली की ती दबतात. पण माणसाला केंद्रात आधी तोंडी विचारतात. माणूस बोलतो. तिनं पहिल्याच दिवशी, पहिल्याच भेटीत, नाव सांगितलं होतं.

"मला आधी वाटलं, नावासारखं नाव असेल," सिस्टर म्हणाल्या. "पत्ता जुना होता. छापखान्यावरची खोली. चार दिवस मी हा कागद पर्समध्ये घेऊन फिरतेय. वहिनींना मी ओळखते, तुमचा मुलगा माझ्या हातचं चॉकलेट खातो, कसं द्यायचं सांगा." त्या थांबल्या. "कोणी नाव दिलं ते सांगायचं नसतं, त्यांचा निरोपही द्यायचा नसतो. तुम्हीच शिकवलंत. पण निरोप आहे." "म्हणाल्या, त्याला लवकर गाठा. त्याला माहीत नसणार बिचाऱ्याला, कळलं असतं तर त्यानं मला सांगितलंच असतं. मला उशीर झाला, त्याला तरी नको व्हायला. त्याला मुलंबाळं असतील." माझ्या हातातली यादी खाली ठेवायला मला टेबल सापडेना. "मुलीचा रिपोर्ट आला?" मी विचारलं. सिस्टरांनी पहिल्यांदाच मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. पडद्यावर ती रेघ होती. "मुलीबद्दल मी काही बोलले नव्हते," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग, "आला. काल. तिलाही आहे. खासगी ठिकाणी बाळंतपण झालं होतं, तिथे तपासलंच नव्हतं."

बाहेर कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचं एक चाक वाजत होतं. सिस्टरांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि कागदाची मागची बाजू वर केली. तिथे तीन प्रश्न असतात. "हे मला भरावं लागतं, सर. याआधी कधी तपासणी केली आहे का?"

"हो."

"काय निघालं होतं?"

"आहे. मी गोळ्या घेतो."

त्यांचं पेन जरासं अडखळलं. "कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

त्यांनी नऊ लिहिलं. पेन कागदावरून उचललं नाही. "तेव्हा नावं विचारली असतील तुम्हाला."

"विचारली होती."

"मुलगी सहा वर्षांची आहे," सिस्टर म्हणाल्या.